खिडकीचा मास्क

वहिनी मागच्या दाराने आत आली तेव्हा ठिणगी युफोनियमच्या, त्या मोठ्या पितळी वाद्याच्या, पोटावरून फडकं फिरवत होती. वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवण्याआधीच विचारलं, "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"काय?"

"हातात आहे ते."

ठिणगीने हाताकडे पाहिलं. वाद्यदुरुस्तीच्या त्या दुकानात फडक्यांची एक पेटी होती. जुने बनियन, विरलेले टॉवेल, कॉलर फाटलेले शर्ट, पितळेवर ओरखडा उठणार नाही असं सगळं त्यात जायचं. सकाळी हात घालायचा आणि हाताला येईल ते घ्यायचं. हे फडकं मात्र ती शोधून घ्यायची. दुहेरी कापडाचं होतं, मऊ होतं, आणि मधोमध एक झडपेसारखा तुकडा होता. त्यात बोट घातलं की पिस्टनच्या खाचा छान निघत. मूळचा रंग कोणता असेल देव जाणे, आता पॉलिशने काळंकुट्ट झालं होतं.

"पेटीतलं आहे. का हो, वहिनी?"

वहिनी चुलीपाशी गेली आणि चहाचं भांडं उगाच विसळू लागली. भांडं स्वच्छच होतं.

भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत ठिणगीचे वडील, अण्णा, बसले होते. ते खोकले, मग म्हणाले, "येतोय ना तो?"

"येतो म्हणालाय."

"काय म्हणाला? नीट सांग."

"येईन म्हणाला. एवढंच. तुमच्याच घरातला आहे, अण्णा, हल्ली एका वाक्याच्या वर देत नाही."

तो म्हणजे थोरला. ठिणगीचा दादा, वहिनीचा नवरा आणि गल्लीचा भोंगा. लहानपणी त्याने शाळेच्या पटांगणात ट्रंपेट फुंकला आणि गिरणीतली माणसं पाळी सुटली समजून बाहेर पडली, तेव्हापासून भोंगा. तिला ठिणगी म्हणत कारण डाख द्यायच्या, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडायच्या, कामात ती बापापेक्षा तरबेज निघाली, आणि कारण ती तशी होतीच. या घरात कुणाला धड नावाने हाक मारत नसत. धड काही बोलतही नसत. दुःख असो, कौतुक असो, आधी त्याची टिंगल करायची आणि मग जमलं तर डोळे पुसायचे.

आज रविवार होता. दुकान बंद, तरी सगळे दुकानात होते, कारण आज बँडमास्तर येणार होते.

साथीच्या काळात बंद पडलेला नगराचा बँड पुन्हा उभा राहत होता. मास्तरांनी पहिलं वाद्य म्हणून हा युफोनियम आणून टाकला होता. पोटाला दोन मोठे पोचे, एक पिस्टन गंजून बसलेला. तो नीट झाला तर बँडची सगळी वाद्यं इथे येणार होती. नाहीतर मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात जाणार होती, आणि मग या दुकानाला कुलूपच. गेली काही वर्षं ठिणगी दिव्यांच्या दांड्या, किटल्यांच्या चोची आणि पलंगांचे पितळी गोळे जोडून कसंबसं दुकान चालवत होती. वाद्य असं काही आलंच नव्हतं.

मास्तरांनी अट एकच घातली होती. पाटीकडे बघत, तिच्याकडे न बघता. "काम तू कर, ठिणगी, तुझ्या हाताला तोड नाही. पण सूर भोंग्याचा हवा. तुमच्या आजोबांच्या वेळी होता तसा."

म्हणजे असं. आजोबांनी पायंडा पाडला होता की दुरुस्त झालेलं वाद्य गिऱ्हाइकासमोर आधी दुकानातल्या माणसाने वाजवायचं. एकच लांब सूर. मग माउथपीस न पुसता वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि त्याने तोच सूर वाजवायचा. पुसलं तर त्याचा अर्थ दुकानाचा आपल्या कामावर विश्वास नाही, आणि गिऱ्हाइकाने पुसलं तर त्याचा दुकानावर नाही. तीन पिढ्या हे चाललं. कुणी आजारी पडलं नाही, किंवा पडलं तरी कुणी वाद्याचं नाव घेतलं नाही.

*

सभा, पहिल्यांदा. गल्लीच्या तोंडून.

ही गोष्ट गल्लीत अजूनही सांगतात आणि सांगणाऱ्याला अजूनही हसू येतं.

शाळेच्या हॉलमध्ये दुकानदारांची सभा होती. खुर्च्या इतक्या लांब लांब ठेवल्या होत्या की शेजाऱ्याच्या कानात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. विषय, मास्क नसलेल्या माणसाला दुकानात घ्यायचं की नाही. अध्यक्ष चष्मेवाला. त्याचं म्हणणं असं की मास्क हवाच, पण माझ्या गिऱ्हाइकाला मास्क लावून अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं तर काचेवर वाफ येते आणि तो नंबर चुकीचा सांगतो, तेव्हा माझ्यापुरतं काय ते बघा. न्हावी म्हणाला, तुझी वाफ राहू दे, मी दाढी कुणाची करू, कपाळाची? चपलांच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या की माझ्याकडे लोक पाय घेऊन येतात, मला काहीच अडचण नाही. सभा अशी चालली होती.

आणि मग भोंगा आला.

भोंगा म्हणजे मास्कविरोधी पक्षाचा पुढारी. गेले कित्येक आठवडे तो ज्याला त्याला सांगत सुटला होता की तोंडावर फडकं बांधून जगणं म्हणजे जगणं नव्हे. दुकानाच्या दारावर बहिणीने लावलेली मास्कची सूचना त्याने दिवसाढवळ्या टरकावून काढली होती. तो भोंगा तपकिरी रंगाचा मास्क लावून आला. मग लोकांनी नीट पाहिलं. मास्कला तोंडासमोर खिडकी होती. चक्क खिडकी, झडपेची, बटणवाली.

त्याची पाळी आली. तो उठला, बटण काढलं, झडप वर केली आणि आतून ओठ दिसले. "मी घातलाय," तो म्हणाला. "सूर द्यायचा तेवढ्यापुरती उघडीन. मग बंद."

आणि झडप बंद केली.

हॉल हसून हसून कोसळला. न्हावी खुर्चीवरून घसरला म्हणतात. अध्यक्षाच्या चष्म्यावर खरोखरच वाफ आली. भोंगा कुणाचीही चेष्टा करू शकतो हे माहीत होतं, पण अख्ख्या सभेची एका बटणावर करील असं कुणाला वाटलं नव्हतं.

*

सभा, दुसऱ्यांदा. ठिणगीला आठवते तशी.

तिला हसणं आठवत नाही. तिला अण्णांचा श्वास आठवतो.

त्या दिवसांत अण्णा दुकानामागच्या खोलीत असत. छाती आधीच अधू, आणि एवढ्या वर्षांची पितळेची भुकटी आत बसलेली. ती पुढे डाख देत असायची आणि मागून तो शिट्टीसारखा श्वास यायचा, आणि मध्येच थांबायचा. थांबला की तिचाही हात थांबायचा. पुन्हा सुरू झाला की ती पुढचा टाका द्यायची. दादा दिवसभर दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचा, गडगडाट करून हसायचा आणि मग तसाच आत जाऊन अण्णांच्या खाटेवर बसायचा. तिने सांगितलं. विनवलं. सूचना लावली. त्याने ती फाडली, आणि वर म्हणाला, "अण्णांना माझा चेहरा बघायचा असतो गं, कापड नाही."

सभेत ती अध्यक्षाच्या शेजारी होती. ठराव तिचाच होता. दादाला मास्क लावून आत येताना पाहिलं तेव्हा एक क्षणभर तिला वाटलं, आला बाबा वळणावर. मग झडप उघडली आणि लोक हसायला लागले. आणि ती उठली.

ती काय बोलली ते तिला शब्दन् शब्द पाठ आहे. गल्ली ते सांगत नाही. गल्लीची गोष्ट हसण्यापाशी संपते.

"ज्याला आपल्या बापाच्या श्वासाचा तमाशा करावासा वाटतो," ती म्हणाली होती, "त्याच्या तोंडचं वाद्य आमच्या दुकानातून यापुढे बाहेर जाणार नाही. हे तोंड आता कुणाच्या कामाचं नाही."

दादाने मास्क काढला. घडी केली. खुर्चीवर ठेवला आणि गेला.

ठराव पास झाला. दादा दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही, तिसऱ्याही नाही. पुढे तो कपाटांना रंग मारण्याच्या कारखान्यात लागला. तिथे फवाऱ्याच्या रंगामुळे दिवसभर जाड मास्क लावावा लागतो, हे कळल्यावर गल्ली पुन्हा एकदा हसली. ठिणगी तेव्हाही हसली नाही. रस्त्यात भेटले तर दोघं मान हलवत. अण्णांचं औषध कोण आणणार एवढं बोलत, तेही वहिनीमार्फत. साथ सरली, मास्क गेले, मान हलवणं राहिलं.

*

चहा झाला. कुणी प्यायला नाही.

ठिणगीने फडकं पुन्हा उचललं तसं वहिनी म्हणाली, "ते ठेव खाली."

"वहिनी, झालंय काय?"

"माझी शिलाई आहे ती."

ठिणगीला आधी समजलंच नाही. मग तिने कापड उलटं केलं. आतल्या बाजूला, जिथे पॉलिश पोचलं नव्हतं, तिथे बोटभर तपकिरी रंग शिल्लक होता. झडपेखाली तुटक्या बटणाचा दोरा होता. दोन्ही कडांना काहीतरी कापून टाकल्याच्या खुणा होत्या.

"चष्मेवाल्याने आणून दिलं होतं," अण्णा खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सभेनंतर. मी नाड्या कापल्या आणि पेटीत टाकलं. राग आला होता मला. म्हटलं, निदान वाद्यं तरी पुसू."

"राग कशाचा, अण्णा?" वहिनीने विचारलं.

"थट्टेचा."

"थट्टा नव्हती ती."

सभा, तिसऱ्यांदा. वहिनी उभ्या उभ्याच बोलली. आवाज चढवला नाही. ती शिवणकाम करणारी बाई, तिला प्रत्येक गोष्ट मापाने सांगायची सवय.

"पहिला शिवला तो जाड झाला, त्यातून हवाच जाईना. दुसऱ्याची झडप सारखी लोंबायची. तिसऱ्याला बटण लावलं. त्याच्यावर पिस्टनखालची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती बसवली, खडखडू नये म्हणून. ती चकती त्यानेच आणून दिली, तुमच्याच खणातून. रात्रंदिवस डोक्यात तेच होतं त्याच्या. मला म्हणाला, ठिणगी म्हणते त्यात चूक नाही गं, अण्णांची छाती मलाही ऐकू येते. पण आजोबांचा सूर मी सोडू कसा? तर असं करू, सूर द्यायचा तेवढंच उघडायचं. बाकी सगळा दिवस बंद. आरशासमोर उभा राहून सराव केला त्याने. वाद्य उचलायचं, बटण काढायचं, फुंकायचं, बटण लावायचं. मला हसू येत होतं, पण मी हसले नाही, कारण तो हसत नव्हता."

"मग सांगितलं का नाही?" ठिणगीने विचारलं. "आधी मला येऊन सांगायला काय झालं होतं?"

"सांगायलाच आला होता. सभेत. सगळ्यांसमोर, कारण सूचना सगळ्यांसमोर फाडली होती." वहिनीने पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "निघताना मला विचारलं होतं, ठिणगीला पटेल ना. मी म्हटलं, पटेल. तुम्ही सगळी जन्मभर एकमेकांची टवाळी करत आलात. एक दिवस तो खरं बोलायला उभा राहिला, तर कुणाला ओळखूच आलं नाही."

"आणि तुम्ही इतकी वर्षं…"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, कळलं तर ती रडेल, आणि रडली की तिचा डाख वाकडा जातो."

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. मग ते भिंतीशीच बोलले. "दोघं माझ्या श्वासासाठी भांडलात. मला एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं असतं, दोघंही इथे असा."

ठिणगीने फडक्याची झडप बोटाने सरळ केली. ती बसेना. घासून घासून तिची घडी कायमची उलटी झाली होती.

*

दादा आला तो दुकानाच्या पुढच्या दाराने, गिऱ्हाइकासारखा. नखांच्या कडांत पांढरा रंग होता. नाकाच्या दांडीवर आडवी लाल खूण होती, रविवारीही न गेलेली. ठिणगीने ती खूण पाहिली आणि विचारायचं म्हणून ठरवलेलं सगळं विसरली. फडकं मुठीत होतं, ते तिने खिशात कोंबलं.

"बस ना, दादा."

"मास्तर येऊ दे."

मास्तर पाठोपाठच आले. त्यांनी वाद्य हातात घेतलं, पोचे कुठे होते ते अंगठ्याने चाचपलं, सापडले नाहीत, समाधानाने मान हलवली. पिस्टन दाबले. मग वाद्य भोंग्याकडे धरलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच, असं काहीतरी ते म्हणाले, आणि सगळे जरा हसले.

दादाने युफोनियम कवेत घेतला. घेतला मात्र अगदी पूर्वीसारखा, मूल घ्यावं तसा. डोळे मिटले. छाती भरली. ओठ टेकवले.

नुसती हवा आली.

त्याने पुन्हा ओठ आवळले. वाद्याच्या पोटात काहीतरी थरथरलं, सूर होता होता फाटला, आणि पुन्हा हवा. ठिणगीने जन्मभर त्याचे ओठ पाहिले होते. मधोमध कडक, कडांना घट्ट, रोजच्या फुंकण्याने घडलेले. ते ओठ आता साध्या माणसाचे होते. बोलायला, चहा प्यायला पुरतील असे. तिने सभेत सांगितलं होतं की हे तोंड कामाचं नाही. त्याने ऐकलं होतं.

"गेले, मास्तर," दादा म्हणाला. "ओठ गेले."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं. अण्णा उठायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना खुर्चीचा हात सापडत नव्हता.

ठिणगी पुढे झाली आणि तिने दादाच्या हातातून वाद्य घेतलं. माउथपीस ओला होता. तिने तो पुसला नाही. तिने आयुष्यात कधी सूर दिला नव्हता. तिचं काम आगीचं, श्वासाचं नव्हे. तिने ओठ लावले, त्याच्याच जागी, आणि फुंकलं. गुरगुरल्यासारखा आवाज आला.

"गाल फुगवू नकोस," दादा म्हणाला.

तिने गाल आत घेतले.

"ओठ हसल्यासारखे नाही, थुंकल्यासारखे. हां. आता पोटातून."

सूर आला. खालचा, खरखरीत, कडेला फुटलेला, पण आला, आणि ती फुंकत राहिली. श्वास संपल्यावरही फुंकत राहिली, कारण थांबल्यावर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी दादानेच वाद्याला हात लावून ते खाली केलं.

तिने युफोनियम मास्तरांना दिला.

मास्तरांनी तो घेतला. दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल काढला आणि माउथपीस स्वच्छ पुसला, आतून, बाहेरून. त्यांच्या मनात काही नव्हतं. हल्ली सगळे पुसतात. मग त्यांनी सूर लावला, आणि तो इतका भरलेला निघाला की काचेच्या कपाटातल्या पिस्टनच्या डब्या किणकिणल्या.

"काम उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "बाकीची पुढच्या आठवड्यात पाठवतो. आणि सुराचं राहू दे, भोंग्या. आमची मुलं लावून बघतील. तुम्ही फक्त दुरुस्ती करा."

दुकान वाचलं होतं. पण चौघांपैकी कुणाचाही चेहरा खुलला नाही. मास्तरांना ते जरा विचित्र वाटलं असावं, कारण ते दारातून एकदा वळून बघून गेले.

*

वहिनी अण्णांना मागे घेऊन गेली. दादा कामाच्या मेजापाशी रेंगाळला. त्याने डाखाची कांडी उचलून पाहिली, जागेवर ठेवली. खण उघडला, नमद्याच्या चकत्या होत्या तिथेच होत्या. खण बंद केला.

"परत येशील?" ठिणगीने विचारलं.

"काय करू येऊन? पोचे तू काढतेस, डाख तू देतेस. माझं जे होतं ते आत्ता ऐकलंस." तो हसला, पूर्वीच्या गडगडाटाचा मागमूसही नव्हता त्यात. "रविवारी येईन. तुझे गाल बघायला हवेत."

तिने खिशातून काळं फडकं काढलं आणि मेजावर ठेवलं. झडप वर करून. त्याने ते बराच वेळ पाहिलं. हात लावला नाही.

"मला माहीत नव्हतं, दादा. मला वाटलं, तू चेष्टा करतोयस."

"थोडी होतीच," तो म्हणाला. "आपल्या घरात सबंध खरं कोण बोलतं? बटण काढताना मी तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, ही हसेल. ही हसली की झालं, घरी जाताना बरोबर जाऊ."

"मी हसले नाही."

"नाही," दादा म्हणाला. "बाकी सगळे हसले."